कण्हेर, ताग आणि कोवळी ज्वारी: घोड्याला विषारी वनस्पतींपासून कसे जपावे

मोकळ्या कुरणात चरणारा आणि पोट भरलेला घोडा सहसा विषारी झाडाला तोंड लावत नाही. त्याचा वरचा ओठ बोटांसारखे काम करतो. गवताच्या एका झुबक्यातून नको असलेली काडी बाजूला सारून तो उरलेले गवत खातो, आणि चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, मिसळलेली औषधाची पूड गव्हाणीच्या तळाशी जशीच्या तशी शिल्लक ठेवणारा घोडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही निवड किती बारीक असते हे वेगळे सांगायला नको. तरीही घोड्यांना विषबाधा होते, आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा माणसाचाच हात असतो. कुंपणावरची फांदी छाटून तबेल्यालगत टाकणे, तण काढून बांधावर सुकू देणे, सगळा चारा एकत्र करून कुट्टीत घालणे, वरून गुळाचे पाणी शिंपडणे आणि घोड्याला चार-सहा तास उपाशी बांधून ठेवणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट घोड्याची निवड करण्याची सोय काढून घेते. म्हणून या लेखात विषारी झाडे कोणती हे जितके सांगितले आहे, तितकेच ती घोड्याच्या तोंडापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतात हेही सांगितले आहे.

आपल्याकडे बहुतेक तबेले शेतातच असतात आणि शेजारी गाई, बैल, शेळ्या असतात. त्यामुळे ‘गाईला चालते ते घोड्याला चालेल’ असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे आहे. गाय रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जिवाणू काही विषे आतड्यापर्यंत पोहोचण्याआधीच मोडून टाकतात. घोड्याला असा कप्पा नाही. त्याचे जठर लहान, साधारण ८ ते १५ लिटरचे असते आणि चाऱ्याचे आंबवणे पुढे मोठ्या आतड्यात होते, म्हणजे विष रक्तात शोषले जाण्याची वेळ आधीच येऊन गेलेली असते. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचा स्नायू इतका घट्ट असतो की एकदा गिळलेले परत तोंडावाटे येत नाही.

आधी परिसर पायी फिरून पाहावा

घोड्याची दावण, पागा, चरण्याची जागा, पाण्याचा हौद आणि चारा साठवण्याची खोली यांच्याभोवती वर्षातून निदान तीन वेळा हातात विळा आणि पिशवी घेऊन फिरावे: मृगाचा पाऊस पडून तण उगवल्यावर, दसऱ्याच्या सुमारास बिया धरताना आणि ऐन मे महिन्यात. यांपैकी मे महिन्याची फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच चुकवली जाते. उन्हाळ्यात माळावरचे गवत पूर्ण वाळते. अशा वेळी ओढ्याच्या काठी, बांधावर आणि रस्त्याकडेला जे हिरवेगार दिसते ते पाहिले, तर कण्हेर, रुई, बेशरम, घाणेरी, एरंड आणि धोतरा एवढीच नावे हाती लागतात. जनावरे ज्यांना तोंड लावत नाहीत तीच झाडे उन्हाळ्यात हिरवी उरतात. भुकेलेला घोडा एरवी टाळलेल्या पानाकडे याच दिवसांत वळतो.

कुंपणाच्या आतली झाडे मोजून काम भागत नाही. घोडा मान लांबवून कुंपणापलीकडचे सहज ओढतो, आणि उंच घोडा फांदीही खाली ओढू शकतो. त्यामुळे कुंपणाबाहेर निदान तीन मीटरपर्यंतचा पट्टा आपलाच समजावा. शेजाऱ्याची कण्हेर बांधावर असेल, तर त्याच्याशी बोलून ती काढावी किंवा आपले कुंपण मागे घ्यावे. झाड ओळखता आले नाही तर पान, फूल, फळ असलेली फांदी कागदात दाबून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडे न्यावी. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्रही आहे. मोबाईलवरच्या ओळख पटवणाऱ्या ॲपवर एकट्यावर विसंबून घोड्याच्या जिवाचा निर्णय घेऊ नये.

कण्हेर

एकच झाड काढायची सवड असेल, तर ते कण्हेर असावे. तिचे पान, फूल, खोड, मूळ, सगळेच विषारी आहे. तिच्यातील ग्लायकोसाइड हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडवतात. घोड्याच्या वजनाच्या ०.००५ टक्के इतकी वाळलेली पाने प्राणघातक ठरू शकतात, असे पशुवैद्यकीय ग्रंथांत दिलेले असते. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला वीसेक ग्रॅम पुरे. ओंजळभर पाल्याचेही वजन याहून जास्त भरते. हिरव्या पानाची चव कडू असल्याने घोडा ते सहसा थुंकतो. पान वाळले की कडूपणा तेवढा जाणवत नाही आणि विष मात्र तसेच राहते. म्हणून उभ्या झाडापेक्षा छाटलेल्या फांद्यांचा ढीग अधिक धोक्याचा आहे.

कण्हेर आपल्याकडे तीन वाटांनी येते. पहिली वाट शोभेची. फार्महाऊसच्या फाटकाशी, तबेल्याच्या दर्शनी भागात ती हौसेने लावली जाते, कारण तिला पाणी लागत नाही आणि गुरे ती खात नाहीत. हा दुसरा गुण वाचतानाच खरे तर सावध व्हायला हवे होते. दुसरी वाट रस्त्याची. राष्ट्रीय महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर मोठ्या प्रमाणावर लावलेली असते आणि छाटणीनंतर तिच्या फांद्या कडेला पडून राहतात. वरातीला जाणारी घोडी रस्त्याकडेला टेम्पोतून उतरवून तासभर बांधली जाते ती नेमकी अशा ठिकाणी. तिसरी वाट देवाची. श्रावणात महादेवाला कण्हेरीची फुले आणि धोतऱ्याचे फळ वाहतात, शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात, आणि हे निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून विहिरीत, हौदात किंवा झाडाच्या बुंध्याशी ठेवले जाते. देवळाजवळच्या हौदावर घोड्याला पाणी पाजू नये. कण्हेरीची पाने पडलेल्या पाण्यातही विष उतरते. दसऱ्याला घोड्याची पूजा करताना गळ्यात झेंडूचा हार घालावा. हारवाल्याने मध्ये कण्हेरीची फुले गुंफली नाहीत ना, हे स्वतः पाहावे आणि आरती झाल्यावर हार लगेच काढून घ्यावा.

पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती याच कुळातली आहे. तिच्या फळातील बी विशेष विषारी असते. रुईच्या चिकातही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात, पण ती इतकी बेचव असते की कुट्टीत गेल्याशिवाय घोड्याच्या पोटात जाण्याचा संभव कमी.

बियांतून येणारे विष

धोतरा, एरंड आणि गुंज यांचा धोका मुख्यतः बियांतून असतो. धोतरा बाजरी, सोयाबीन यांच्या शेतात तण म्हणून उगवतो, पिकाबरोबर कापला जातो आणि मळणीत त्याच्या बिया धान्यात मिसळतात. त्यातील ॲट्रोपीन वर्गातील द्रव्यांमुळे आतड्याची हालचाल मंदावते. घोड्याच्या बाबतीत आतडे थांबणे म्हणजे पोटशूळ, आणि पोटशूळ म्हणजे जिवावरचे दुखणे. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे, पोट फुगलेले आणि कान लावला तरी कुशीतून आवाज नाही, असे दिसले तर चंदी चाळून पाहावी. धोतऱ्याचे बी चपटे, खडबडीत आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. खरे तर चंदी रोजच चाळून घ्यावी. पूर्वीचे मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारे नोकर, ती सुपात पाखडून देत, त्यात धूळ आणि बी दोन्ही बाहेर पडत असे.

एरंडाच्या बीतील रिसिन या विषाला घोडा इतर बहुतेक पाळीव जनावरांपेक्षा अधिक संवेदनशील आहे. लक्षणे काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनीही दिसू लागतात, त्यामुळे कारणाशी त्यांचा संबंध चटकन लागत नाही. बांधावरची एरंडी काढणे सोपे आहे. खरी दक्षता घ्यावी लागते ती एरंडीच्या पेंडीबाबत. ही पेंड खत म्हणून विकली जाते आणि तिची पोती शेंगदाणा किंवा सरकीच्या पेंडीच्या शेजारी ठेवली की अंधारात हात चुकतो. खताची आणि खाद्याची खोली वेगळी असावी, आणि खोल्या दोन नसतील तर एरंडीची पेंड आणूच नये. मोगली एरंडाचे कुंपण पुष्कळ ठिकाणी दिसते. त्याच्या बियाही विषारीच आहेत. गुंजेचे बी अखंड गिळले तर कठीण सालीमुळे बहुधा तसेच बाहेर पडते, परंतु चावले गेले किंवा धान्याबरोबर भरडले गेले तर घातक ठरते. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी कळलावी दिसायला देखणी असली तरी तिचा कंद सर्वांत वाईट. नांगरटीत वर आलेले तिचे कंद वेचून टाकावेत.

ताग आणि खुळखुळा

वरील विषे तासांत किंवा दिवसांत बोलतात. ताग आणि त्याच्या कुळातील रानटी खुळखुळा यांचे विष महिनोन् महिने गप्प राहते. या झाडांत, विशेषतः त्यांच्या बियांत, यकृताच्या पेशी मारणारी अल्कलॉइड द्रव्ये असतात. रोज थोडे थोडे पोटात गेले तरी त्याचा परिणाम साचत जातो, आणि यकृताचा मोठा भाग निकामी होईपर्यंत घोडा बाहेरून ठणठणीत दिसू शकतो. काही वेळा मार यकृताऐवजी फुफ्फुसांवर बसतो आणि घोडा धापा टाकू लागतो. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडील किंबर्ली भागात घोड्यांचा एक आजार त्या भागाच्याच नावाने ओळखला जातो. त्यात घोडी दिशाहीन चालत राहतात, कुंपणाला धडकतात, भिंतीला डोके टेकवून उभी राहतात. त्याचे कारण खुळखुळ्याच्याच जातीची झाडे आहेत.

महाराष्ट्रात ताग हिरवळीचे खत म्हणून पेरतात आणि साधारण दीड महिन्यात, फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडतात. इतक्यात गाडला तर शेंगा धरतच नाहीत. अडचण येते ती पाऊस लांबल्यामुळे किंवा बैलजोडी अथवा ट्रॅक्टर न मिळाल्यामुळे पीक उभे राहिले तर. किंवा पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी एक कोपरा राखला तर. ‘एवढे हिरवे वाया का घालवायचे’ म्हणून तो कापून चाऱ्यात घातला जातो. हा मोह काटकसरीच्या सवयीतून येतो, म्हणून तो मोडणे अवघड आहे. तरीही घोड्याच्या बाबतीत तो मोडावा. ताग ज्या शेतात पेरला होता तेथील पुढच्या हंगामाचे गवत कापताना खुळखुळणाऱ्या शेंगा दिसतात का ते पाहावे. विकत घेतलेल्या गवताच्या पेंढ्या उलगडून झटकल्या तर वाळलेल्या शेंगांचा खुळखुळ आवाज येतो, आणि झाडाला नाव पडले आहे ते त्याच आवाजावरून.

घोडा अंग धरेनासा झाला, डोळ्यांच्या कडा आणि हिरड्या पिवळसर दिसू लागल्या, तोंडावरच्या पांढऱ्या पट्ट्याची किंवा पांढऱ्या पायांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल होऊन सोलू लागली, की यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. निकामी झालेले यकृत पूर्ववत करणारे औषध नाही. म्हणून येथे उपचारापेक्षा चाऱ्याची निवडच महत्त्वाची.

चारा म्हणूनच दिले जाणारे विष

तणाला आपण विष म्हणून ओळखतो, चाऱ्याला ओळखत नाही. सुबाभूळ हे याचे ठळक उदाहरण आहे. गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत चारा, सरपण आणि जमिनीचा कस यांसाठी तिचा मोठा प्रसार झाला आणि शेळ्या-गाईंना ती मानवतेही, कारण तिच्यातील मिमोसिन हे द्रव्य मोडणारे जिवाणू त्यांच्या पोटात वाढू शकतात. घोड्याला ही सोय नाही. सुबाभळीचा पाला रोज मिळाला तर काही आठवड्यांत आयाळ आणि शेपटीचे केस झडू लागतात, आणि पुढे खुरांची वाढही बिघडते. कोवळ्या शेंड्यात आणि बियांत मिमोसिन सर्वाधिक असते. आयाळ विरळ झाली की बहुतेकजण खरूज समजून तेल चोळतात; आधी गव्हाणीत काय पडते आहे ते पाहावे. सुबाभूळ बंद केली तर केस परत येतात.

ज्वारीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण कडब्यावर आपल्याकडची बरीच घोडी जगतात. पक्व ज्वारीचा नीट वाळलेला कडबा घोड्याला चालतो. कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले फुटवे आणि पावसाच्या ताणानंतर एकदम तरारलेले पोंगे यांत मात्र सायनाइड तयार करणारे द्रव्य भरपूर असते. गाय-बैल हे खाऊन तासाभरात आडवे झालेले शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. घोड्यात असा तडकाफडकी मृत्यू तुलनेने कमी दिसतो, आणि त्यावरूनच ‘घोड्याला कोवळी ज्वारी बाधत नाही’ असा गैरसमज पसरतो. घोड्यात ती वेगळ्या रीतीने बाधते. हिरव्या ज्वारीवर किंवा तिच्या जातीच्या चारा-गवतावर अनेक आठवडे चरल्यावर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होते, मागचे पाय लटपटतात, मूत्राशय नीट रिकामे होत नाही आणि मांड्यांवरून लघवी ठिबकत राहते. ही इजा बहुधा भरून येत नाही. हिरवी ज्वारी घोड्याला कोणत्याही वयात नियमित चारा म्हणून देऊ नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे.

नेपियर म्हणजे हत्तीगवत, तसेच पॅरा आणि अंजन यांसारख्या गवतांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते. याच गवतांवर घोडा महिनोन् महिने राहिला आणि सोबत फॉस्फरसने भरलेला गव्हाचा कोंडा मिळत गेला, तर शरीर कॅल्शियमसाठी स्वतःची हाडे झिजवू लागते. सुरुवातीला पाय बदलत जाणारा लंगडेपणा येतो, नंतर नाकाच्या दोन्ही बाजूंची हाडे आणि जबडा सुजून तोंड जाडजूड दिसते. नेपियर पूर्ण बंद करावा असे नाही. तो एकमेव हिरवा चारा असू नये. सोबत लसूणघास द्यावा, कोंड्याचे प्रमाण कमी ठेवावे आणि कॅल्शियमची पूरक मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावी.

बुरशी ही झाड नसली तरी चाऱ्यावरच येते, म्हणून दोन वाक्ये तिच्याविषयी. बुरशी लागलेल्या मक्यातील फ्युमोनिसिन या विषाने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळतो. घोडा आंधळ्यासारखा वागतो, एकाच बाजूला गोल फिरतो आणि काही तासांत किंवा दिवसांत दगावतो. पावसात भिजलेले कणीस कोंबड्यांना घालू, घोड्याला घालू, अशी विल्हेवाट लावू नये.

ज्यांचा बोलबाला अधिक आहे पण घोड्याला धोका तुलनेने कमी, अशी दोन तणे राहिली. गाजर गवताची भारतातील पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्याची आहे. घोडा ते सहसा खात नाही, मात्र त्याच्या स्पर्शाने घोड्याच्या आणि माणसाच्याही कातडीला त्रास होतो. घाणेरीचे विष यकृतावर जाते आणि ते गाई-मेंढ्यांत अधिक आढळते. तिची कच्ची फळे व पाने घोड्याच्या आवाक्यात ठेवू नयेत एवढे पुरे. नाल्याकाठच्या बेशरमाचे मात्र वेगळे आहे: ते मज्जातंतूंवर हळूहळू परिणाम करते, आणि शेळ्या-मेंढ्यांना तर त्याची चटक लागते. शेजारच्या शेळ्या बेशरम खातात म्हणून आपला घोडा त्या काठावर सोडू नये.

झाडे काढताना

तण फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. घाणेरी वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली दोन-तीन इंच खोदून, मूळ आणि खोड जुळते त्याच्या खाली कुदळीने तोडावे आणि खुंट उलटा करून ठेवावा. कण्हेर जाळू नये, कारण तिचा धूरही अपायकारक आहे. तिच्या फांद्या त्याच दिवशी गोळा करून घोडा आणि गुरे पोहोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुराव्यात. पडलेले प्रत्येक पान वेचावे लागते आणि हे काम कंटाळवाणे आहे. घोडे दुसऱ्या जागी हलवल्याशिवाय ते सुरूच करू नये.

तणनाशक वापरायचे असेल तर एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. फवारणीनंतर मरू घातलेले तण कोमेजते, त्याची चव बदलते आणि जे झाड घोडा आजवर हुंगून सोडून देत होता तेच तो खाऊ लागतो. बाटलीवर लिहिलेली मुदत संपली तरी मेलेले विषारी तण उचलून नेल्यावरच घोडे आत सोडावेत.

मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा शोभेचे काही लावायचे असेल, तर कुंपणाला करवंद आणि दर्शनी भागाला जास्वंद चांगली. फळबागेत अलीकडे ॲव्होकॅडो लावण्याची टूम आली आहे. त्याची पाने घोड्यांना बाधतात, हे रोपे घेण्याआधी जाणून घ्यावे.

चारा देण्याची पद्धत

एवढे सगळे काढूनही घोडा उपाशी असेल तर तो काहीतरी शोधून काढेलच. घोड्याला दिवसभर थोडे थोडे खात राहण्यासाठीच शरीर मिळाले आहे. ४०० किलोच्या घोड्याला रोज सुमारे आठ किलो कोरडा चारा लागतो. तो सकाळ-संध्याकाळ दोनदा टाकण्याऐवजी चार-पाच वेळा विभागून द्यावा आणि चरायला सोडण्यापूर्वी निदान एक-दोन किलो वाळले गवत पोटात गेलेले असावे. भुकेला घोडा नव्या कुरणात सोडणे ही विषबाधेची सर्वांत सरळ वाट आहे.

कुट्टी यंत्र असेल तर चारा त्यात घालण्याआधी पेंढी सोडून, पसरून, हाताने पाहावा. आपण बारीक करून दिलेल्या चाऱ्यात घोड्याला निवडता येत नाही. ते काम आपल्यालाच आधी करावे लागते. कुट्टीवर गूळ किंवा मळी शिंपडून शिळा चारा खपवण्याची सवय सोडावी. घोडा एखादा चारा नाकारतो तेव्हा तो लाडावलेला आहे असे म्हणण्यापूर्वी त्या चाऱ्यातली मूठभर काडी उजेडात पाहावी.

प्रवासात आणि यात्रांत ही शिस्त मोडते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला किंवा मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावला घोडे नेणारे अनेकजण वाटेत मिळेल तो चारा घेतात. शक्य असल्यास निदान पहिल्या दोन दिवसांचे गवत घरून न्यावे, तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, स्वतःचाच वापरावा आणि तळावर बांधण्याआधी घोड्याच्या मानेच्या टप्प्यातले झुडूप पाहून घ्यावे. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी यांसारख्या ठिकाणी पावसाळ्यात काम नसताना घोडी मोकळी सोडली जात असतील, तर पहिल्या पावसात गवत बोटभरही वाढलेले नसते आणि कंदांतून उगवणाऱ्या वनस्पती मात्र तरारलेल्या असतात, हे ध्यानात ठेवून पहिले दोन-तीन आठवडे वैरण चालूच ठेवावी.

शंका आली तर

प्रथम सर्व घोड्यांना त्या जागेपासून आणि त्या चाऱ्यापासून दूर करावे. आजारी दिसणारा एकच असला तरी खाल्लेले सर्वांनी असते. घोडा सावलीत, शांत जागी उभा करावा. पोट दुखणाऱ्या घोड्याला पळवून आणण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे. कण्हेरीची जरा जरी शंका असेल तर ते कटाक्षाने टाळावे, कारण ताल बिघडलेल्या हृदयावर तो ताण शेवटचा ठरू शकतो. तेल, ताक, हिंगाचे पाणी असे काही नळकांड्याने किंवा बाटलीने घशात ओतू नये. गुंगीत असलेल्या घोड्याच्या बाबतीत ते फुफ्फुसात जाते, आणि ओकारी होणार नसल्याने विष बाहेर काढण्याचा हेतूही साधत नाही.

त्यानंतर पशुवैद्यकांना फोन करावा. जवळ कोणी नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा निःशुल्क क्रमांक लावावा. फोनवर सांगण्यासाठी तीन आकडे हाताशी ठेवावेत. निरोगी, विश्रांतीतील प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी लागते. श्वास मिनिटाला ८ ते १६ आणि तापमान सुमारे ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असते. नाडी अनियमित लागते का, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या, पिवळ्या किंवा जांभळट, शेवटची लीद कधी पडली आणि काय खाल्ले असण्याची शक्यता आहे, हेही सांगावे. हे आकडे आपल्या घोड्याचे एरवी किती असतात ते आधीच एका वहीत लिहून ठेवलेले असेल, तर पशुवैद्यकांचे काम पुष्कळ सोपे होते. ते आल्यावर नाकातून जठरात नळी घालून विष शोषून घेणाऱ्या औषधी कोळशाची पूड देणे, शिरेतून सलाईन देणे, हृदयाचा ताल सांभाळणारी औषधे देणे, यांपैकी काय करायचे हे विषावर आणि गेलेल्या वेळेवर ठरते. कोळसा पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो, म्हणून ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा निर्णय महागात जातो.

दरम्यान नमुने गोळा करावेत: गव्हाणीतला उरलेला चारा, संशयित झाडाची पान-फळासह फांदी, ताजी लीद आणि चंदीची मूठभर पूड. ते कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ते लवकर कुजतात. घोडा दगावलाच तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्यावे. जठरात कण्हेरीच्या पानांचे तुकडे सापडू शकतात, आणि उरलेल्या घोड्यांना वाचवण्यासाठी ती माहिती लागते.

घोडा सावरला तरी कण्हेरीच्या बाधेनंतर पशुवैद्यकांनी हृदय तपासून परवानगी देईपर्यंत त्याच्यावर बसू नये किंवा त्याला टांग्याला जुंपू नये. तोच चारा खाल्लेल्या इतर घोड्यांवर निदान दोन-तीन दिवस रात्रीही लक्ष ठेवावे. तागाचा संबंध असेल तर सर्वांची यकृताची रक्ततपासणी लगेच एकदा आणि त्यानंतर काही महिने ठरावीक अंतराने करून घ्यावी. संशयित चारा गाईच्या गव्हाणीत न टाकता खड्ड्यात पुरावा, आणि गव्हाण कोरडी झाडून, धुऊन, एक दिवस उन्हात वाळल्यावरच तिच्यात पुन्हा वैरण घालावी.